दहाच्या पुढचा रकाना

कारखान्यात तिला सगळे मायक्रॉनबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, पाठीमागेही म्हणायचे, आणि तिला त्याचा काडीचाही राग नव्हता. उलट एकदा नव्याने लागलेल्या कुणीतरी तिला खऱ्या नावाने हाक मारली, तर ती सरळ पुढे चालत गेली. आपल्यालाच बोलावतायत हे तिच्या ध्यानातच आलं नाही. सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी काढल्यावर माणसाचं हे असं होतं.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. तिच्या नवऱ्याला एवढंच लक्षात राहिलं होतं आणि तेवढ्यावर त्याने बावीस वर्षं विनोद केले होते. तो छापखान्यात होता, बांधणी विभागात. "आमच्या हिला केस विंचरायला फुरसत नाही, पण चिरायला रोज आठ तास आहेत," हे तो प्रत्येक नव्या पाहुण्याला ऐकवायचा. पाहुणा हसायचा आणि ती चहा ठेवायला उठायची.

कारखाना लिफ्टच्या दाराच्या कुलपात बसणाऱ्या पिना करायचा. बोटाच्या पेराएवढी गुळगुळीत पोलादी पिन, जाडी आठ मिलिमीटर. दहा मायक्रॉन इकडे किंवा दहा मायक्रॉन तिकडे चालेल, त्यापुढे नाही. पिन जाड झाली म्हणून लिफ्ट काही कोसळत नाही, पण कुलूप अडकतं, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे उभी राहते. आत एखादी म्हातारी बाई भाजीची पिशवी घेऊन उभी असते, आणि तिला पोलादाच्या मायक्रॉनशी काही देणंघेणं नसतं.

ती एकोणिसाव्या वर्षी इथे आली ती पॅकिंगला. वडील अंथरुणाला खिळलेले, शिक्षण बारावीपर्यंत, आणि हाताला चटकन लागेल ते काम हवं होतं. भोकं पाडलेल्या ट्रेमधे पिना लावायच्या, शंभराचा ट्रे भरला की झाकण. तिसऱ्याच आठवड्यात तिने एक पिन बाजूला काढून ठेवली. सुपरवायझर म्हणाला, हे काय. ती म्हणाली, ही भोकात बसताना अडली. सुपरवायझर तिच्यावर खेकसला, पण मोजमाप खोलीतले मास्तर तिथून चालले होते. त्यांनी पिन उचलली, खिशात टाकली आणि तासाभराने परत आले. पिन ठरल्यापेक्षा चौदा मायक्रॉन जाड निघाली होती. दुसऱ्या दिवसापासून मायक्रॉनबाई मास्तरांच्या हाताखाली.

मास्तर मोठे खडूस. शिकवताना समोरच्याचा पाणउतारा झाला तरच आपण शिकवलं असं त्यांना वाटायचं. पण त्यांनी तिला सगळं दिलं. पिन आधी स्पिरिटमधे बुचकळायची, मऊ कापडाने पुसायची, हाताची ऊब लागू द्यायची नाही, मग डायलखाली ठेवायची. काटा शून्यावर आला तर पिन नेमकी आठ मिलिमीटर. दर तासाला मशीनवरून पाच पिना आणायच्या, मोजायच्या, पाचही आकडे वहीत लिहायचे, आणि त्यांची सरासरी मशीनशेजारी टांगलेल्या तक्त्यावर ठिपक्याने मांडायची. तक्त्यावर तीन रेघा असायच्या. मास्तर म्हणायचे, "मधली रेघ म्हणजे घर, वरची आणि खालची म्हणजे कुंपण. ठिपका अंगणात कुठेही हिंडला तरी त्याच्यामागे धावायचं नाही. तो कुंपणावरून उडी मारतो का, किंवा सारखा एकाच दिशेला निघालाय का, एवढंच बघायचं." आणि आणखी एक सांगायचे, "शंका आली, तर पुसून परत मोज. घाईत लिहिलेल्या आकड्यासारखं पाप नाही."

ही शिकवण तिने अशी काही अंगी बाणवली की पुढे मास्तरही तिला वचकून असायचे.

ग्राइंडिंग मशीनवर पैलवान होता. वजन जेमतेम पन्नास किलो, म्हणून पैलवान. पहिल्या वर्षी हा गडी दर पिनेगणिक मशीनची माप कमीजास्त करायची चकती फिरवायचा. पिन तीन मायक्रॉन जाड आली की फिरव इकडे, दोन बारीक आली की फिरव तिकडे. सगळ्यांना वाटायचं, वा, काय मन लावून काम करतो. मायक्रॉनबाईने त्याचा तक्ता बघितला आणि कपाळावर हात मारला. ठिपके नुसते थयथय नाचत होते. तिने त्याला अख्खा दिवस हात खिशात घालून मशीनसमोर उभं केलं. "पैलवान, तुम्ही काहीही करू नका. नुसतं बघा." संध्याकाळपर्यंत ठिपके घरात येऊन निमूट बसले. पैलवान म्हणाला, "म्हणजे बाई, बिघाड मशीनमधे नव्हता, माझ्यात होता?" ती म्हणाली, "तुमच्या काळजीत होता." त्या दिवसापासून तो तिच्या शब्दाबाहेर नव्हता.

मास्तर निवृत्त झाले, वारले. मशीनं बदलली, साहेब बदलले. मायक्रॉनबाई तिथेच, खिडकीखालच्या काळ्या दगडी टेबलाशी. सव्वीस वर्षांत तिच्या वहीत एक खाडाखोड नव्हती. गिऱ्हाइकाकडून तपासणीला आलेली माणसं तिच्या वह्या उघडायची, दोन पानं उलटायची आणि मिटायची. एवढ्या सुंदर वह्यांत खोट काढायची कुणाची छाती होत नव्हती. खोट खरं तर त्या सुंदरपणातच होती, पण ते पुढे येईल.

या वर्षी क्वालिटीचे प्रमुख निवृत्त होणार होते. मोठे साहेब स्वतः मोजमाप खोलीत आले आणि म्हणाले, "बाई, अर्ज करा." ती म्हणाली, "मी? डिग्री कुठेय माझ्याकडे?" साहेब म्हणाले, "डिग्रीवाले पुष्कळ बघितले. तुमच्या सहीवर गिऱ्हाईक डोळे मिटून माल घेतं. मुलाखत पंधरा दिवसांनी, बुधवारी, ती उपचारापुरती."

आता ही गोष्ट तिने घरी सांगितली तेव्हा नवरा पहिल्यांदाच विनोद विसरला. मग म्हणाला, "अगं, तुला वेगळी खोली मिळेल?" तिला खोलीचं काही नव्हतं. तिला हवा होता एक अधिकार. ग्राइंडिंगचं चाक झिजत गेलं की पिना जाड यायला लागतात, आणि चाक कधी बदलायचं हे आजवर उत्पादनवाले ठरवत आले होते. ते चाक शेवटच्या श्वासापर्यंत वापरायचे. प्रमुख झाली की हा निर्णय तिचा. वीस वर्षं ती त्यावर भांडत आली होती. तिला ती खुर्ची हवी होती, अगदी मनापासून हवी होती, आणि तसं हवं असण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मुलाखतीच्या दहा-बारा दिवस आधी लेकीने वह्या मागितल्या.

लेक कॉलेजात शेवटच्या वर्षाला, विषय संख्याशास्त्र. आईचं बघत बघतच तिने तो निवडला होता, पण हे ती मान्य करायची नाही. प्रकल्पाला खरे आकडे लागणार होते. साहेबांच्या परवानगीने मायक्रॉनबाईने चोवीस महिन्यांच्या चोवीस वह्या पिशवीतून घरी आणल्या आणि लेकीपुढे ठेवल्या. देताना तिचा ऊर भरून आला होता, हे तिने नंतर कबूल केलं. चोवीस हजार आकडे, त्यांतला प्रत्येक तिच्या हातचा.

लेकीने पाच दिवस घासून ते कॉम्प्युटरवर चढवले, आणि मुलाखतीच्या आधीच्या शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, अकरा कुठे आहेत?"

"कसले अकरा?"

"अकरा मायक्रॉन जाड. बघ ना. आठ मायक्रॉन जाड अशा पिना आहेत एक हजार चाळीस. नऊच्या आहेत आठशे दहा. म्हणजे कमी होत चाललंय, बरोबर आहे. मग दहाच्या किती असायला हव्यात? सहाशेच्या आसपास. त्या आहेत बाराशे बारा. आणि अकराच्या सात. दोन वर्षांत सात."

"चांगलं आहे की मग. बाहेर गेल्याच नाहीत."

"असं होत नाही, आई. उतार असा कड्यासारखा तुटत नाही. अकराच्या पिना कुणीतरी दहात ढकलल्यात." आणि मग लेक जे बोलू नये ते बोलून गेली. "हे आकडे खरे नाहीत."

मायक्रॉनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आवाज चढवणारी बाई नव्हे, पण तिचा न चढलेला आवाज जास्त वाईट. "चार पुस्तकं वाचलीस म्हणून मला शिकवायला निघालीस? मी एक आकडा कधी मनाने लिहिला नाही. तुझ्या जन्माच्या आधीपासून लिहितेय. ठेव त्या वह्या पिशवीत." लेकीने वह्या पिशवीत ठेवल्या. नवरा छापखान्यात निघाला होता, तो चपला हातात घेऊनच जिना उतरला.

भांडणात माणूस जिंकतो आणि मग पोळ्या लाटता लाटता हरतो. लाटणं हातात असताना तिला आपलेच हात दिसायला लागले, मोजमाप खोलीतले. पिन डायलखाली. काटा अकरावर. तेव्हा ती काय करायची? ती लिहायची नाही. तिला शंका यायची. कण चिकटला असेल, हाताची ऊब लागली असेल. ती पिन उचलायची, पुसायची, परत ठेवायची. काटा दहावर. मग लिहायची, दहा. आणि दुसऱ्यांदाही अकराच आलं तर? तर तिसऱ्यांदा. डायलचा काटा एखाद-दोन मायक्रॉन इकडेतिकडे होतोच, जगातला कुठलाही होतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी दहा मिळायचंच.

यात खोटं काय होतं? काहीच नाही. दहा खरोखर दिसलं होतं. फक्त काटा पहिल्यांदाच दहावर आला, तर तिला कधी शंका आली नव्हती. नऊवर आला तरी नाही. दहा वाचलेली पिन परत मोजली असती तर तीही कधी अकरा निघाली असती, पण ती तिने एकदाही परत मोजली नव्हती. शंका यायची ती फक्त एका बाजूला. मास्तर म्हणाले होते, शंका आली तर परत मोज. शंका दोन्ही बाजूंना सारखी यायला हवी, हे सांगायचं त्यांच्याकडून राहिलं, आणि विचारायचं तिच्याकडून.

कारणही तिला ठाऊक होतं, फक्त ती त्याच्याकडे कधी बघत नव्हती. वहीत अकरा पडलं की मशीन बंद करायचं, लाल कार्ड लावायचं, आणि मागच्या तासाभरातला सगळा माल एकेक करून मोजायचा. म्हणजे पैलवान आणि ती, दोघंही पाळी सुटल्यावर दोन तास बसून. पैलवानाची आई एकटी घरात, तो सुटला की धावत जायचा. असं सगळं ओळखीचं असलं की पिन पुसणारा हात आपोआप सैल होतो.

पोळी करपली.

ती तशीच उठली, पिशवीतल्या शेवटच्या दोन वह्या घेतल्या आणि कारखान्यात गेली. शनिवारी पाळी दुपारपर्यंत असायची. पाळी सुटल्यावर तिने पैलवानाला थांबवलं. "पैलवान, एक काम आहे. मशीनचं नाही, माझं." दर तासाच्या पाच पिना मोजलेल्या क्रमाने तारखेच्या पुडीत घालून वर्षभर राखून ठेवायचा नियम होता. त्या कपाटातून तिने वहीत दहा लिहिलेल्या साठ पिना शोधून काढल्या. पैलवानाने तिच्याकडे पाठ करून त्या मिसळायच्या, एकेक पुढे करायची, आणि ती जो आकडा बोलेल तो लिहायचा. एकदाच मोजायचं.

"आणि तुम्हाला शंका आली तर?" पैलवानाने विचारलं.

"आली तरी लिहायचं. मी परत मागितली तर द्यायची नाही."

पहिल्या आठ पिनांत दोन अकरा आणि एक बारा. बारा आलं तेव्हा तिचा हात आपसूक कापडाकडे गेला. पैलवानाने पिन काढून घेतली. साठ पिना संपल्या, तेव्हा दहाच्या पुढे सतरा गेल्या होत्या. तिने पिना परत मिसळायला लावल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. या खेपेला सोळा.

पैलवानाने कागद टेबलावर ठेवला. त्याला सगळं कळलं होतं, कारण त्याला हे तिनेच शिकवलं होतं. "बाई, बुधवारी मुलाखत आहे तुमची."

"माहितेय."

"मी काही बोलणार नाही कुणाला."

"तेही माहितेय," ती म्हणाली, आणि तिथे तिला रडू फुटलं. सव्वीस वर्षांत कारखान्यात पहिल्यांदा. पैलवानाला काही सुचेना म्हणून त्याने पिना पुड्यांत भरायला घेतल्या.

रविवार कसा गेला ते न सांगितलेलं बरं. घरात तिघं, आणि बोलणं भाजीत मीठ कमी आहे का एवढ्यापुरतं. संध्याकाळी ती लेकीच्या खोलीच्या दारात गेली आणि म्हणाली, "तुझं बरोबर होतं." लेक काही म्हणणार तर ती वळून गेली होती.

सोमवारी सकाळी ती मोठ्या साहेबांसमोर उभी राहिली आणि अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. साठ पिना, सतरा, सोळा. आपण परत मोजायचो ते फक्त अकरा आल्यावर. हे नकळत झालं, पण झालं. गिऱ्हाइकाच्या गोदामात अजून न वापरलेला माल असेल तो परत मोजायला हवा, आणि जो लिफ्टमधे बसून गेला त्याचं त्यांना कळवायला हवं.

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल करत राहिले. माणूस वाईट नव्हता. "बाई, कुणाकुणाला माहीत आहे?"

"माझ्या मुलीला, पैलवानाला, मला. आता तुम्हाला."

"बुधवारपर्यंत थांबा. खुर्चीवर बसा, आणि गुरुवारी प्रमुख म्हणून हेच पत्र तुम्ही स्वतः लिहा. मी अडवणार नाही. चाक बदलायचा अधिकारही तुमच्या हातात असेल. आज लिहिलंत तर तुम्हाला ती खुर्ची देणं मला वरच्यांपुढे शक्य होणार नाही. दोनच दिवसांचा प्रश्न आहे."

खरं सांगायचं तर ती विरघळली. दोन दिवस. आणि बोलणं शहाणपणाचं होतं, मुद्देसूद होतं, त्यात खोटं काही नव्हतं. तेच तिला खटकलं. इतकी वर्षं ती स्वतःशी असंच मुद्देसूद बोलत आली होती.

"साहेब," ती म्हणाली, "मी पिन पुसून परत ठेवायचे ना, त्यातलंच आहे हे. हवा तो आकडा येईपर्यंत थांबायचं. पत्र आज जाऊ दे."

पत्र गेलं. मंगळवारी ती गिऱ्हाइकाच्या गोदामात होती, तिथल्या दोन तपासनिसांबरोबर. अकरा हजार पिना, नऊ दिवस. प्रत्येक पिन एकदाच. दहाच्या पुढच्या निघाल्या तीनशे अठ्ठावन्न. बुधवारची मुलाखत झाली, तिच्याशिवाय झाली. बाहेरून एक इंजिनिअर आला, तिशीतला, बोलायला मऊ. पहिल्या दिवशी तो मोजमाप खोलीत आला आणि म्हणाला, "बाई, मला तुमच्याकडून शिकायचंय." ती म्हणाली, "आधी मी काय चुकले ते शिका. ते पटकन शिकता येतं."

नंतरचे दीड महिने हाल झाले. वहीत खरे आकडे पडायला लागले आणि मशीनवर वरचेवर लाल कार्ड. पैलवान पाळी सुटल्यावर बसायचा आणि तिच्याशी बोलायचा नाही. उत्पादनवाले बोटं मोडायचे, की बाईला खुर्ची मिळाली नाही म्हणून ती सूड उगवतेय. मग एक दिवस नव्या प्रमुखाने सगळी लाल कार्डं एका ओळीत मांडली आणि उत्पादनवाल्यांना विचारलं, की ही सगळी चाकाच्या शेवटच्या दोन दिवसांतलीच कशी? चाक दोन दिवस आधी बदलायचं ठरलं. वीस वर्षं भांडून झालं नव्हतं, ते झालं. तिच्या सुंदर वह्याच त्याच्या आड येत होत्या. सगळं दहाच्या आत असताना चाक कोण बदलणार? हे तिला जेव्हा उमगलं, तेव्हा ती जेवणाच्या सुट्टीत बराच वेळ डबा न उघडता बसून होती.

इकडे घरी लेकीने प्रकल्पासाठी पुस्तकातले आकडे घ्यायचं ठरवलं होतं. मायक्रॉनबाईनेच तिला अडवलं. "माझेच घे. साहेबांना विचारलंय. कारखान्याचं नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही." मग लेकीने झपाट्याने लिहून काढलं, वडिलांनी छापखान्यातून छान कापडी बांधणी करून आणायचं कबूल केलं, आणि एका दुपारी, बांधायला जायच्या आधी, लेकीने कागदांचा गठ्ठा आईपुढे ठेवला. "वाच ना एकदा. चुका काढ."

चुका काढायला सांगणं म्हणजे मायक्रॉनबाईला मेजवानीच. चष्मा लावून ती बसली. लेकीने चांगलं लिहिलं होतं. कुणावर ठपका नाही, आणि लपवाछपवीही नाही. सातव्या पानावर तक्ता होता. आठ, नऊ, दहा, अकरा. दहा या आकड्यासमोरच्या रकान्यात लिहिलं होतं, एक हजार बेचाळीस.

ती तिथेच थांबली. बाराशे बारा हा आकडा ती मरेपर्यंत विसरणार नव्हती.

"एकशे सत्तर कुठे गेले?"

लेक खिडकीशी उभी होती. ती म्हणाली, "काही वह्या नीट वाचता येत नव्हत्या."

"माझी वही वाचता येत नाही?"

लेकीने गठ्ठा परत घ्यायला हात पुढे केला.

मायक्रॉनबाईने पानं मागेपुढे केली. चोवीस महिन्यांचे तेवीस झाले होते. कुठला गेला हे शोधायला तिला वेळ लागला नाही. मागल्या वर्षीचा सातवा महिना. त्या महिन्यात लेकीला टायफॉइड झाला होता आणि ती अठरा दिवस इस्पितळात होती. भेटायची वेळ पाच ते सहा, त्यानंतर कुणाला आत सोडत नसत. कारखाना साडेचारला सुटायचा. लाल कार्ड लागलं तर साडेसहाला.

"तू एक दिवस चुकली नाहीस," लेक म्हणाली. "रोज पाचला दारात. मी घड्याळ बघत असायचे. मला वाटायचं, आई किती वेळेवर येते. मग ती वही टाइप करायला घेतली तर सगळीकडे दहाच दहा. एका महिन्यात एकशे सत्तर. एरवी पन्नासच्या आत असतात. मी तो महिना पुसूनच टाकला. कसं ठेवू ते? परीक्षक विचारतील, या महिन्यात काय झालं. मी काय सांगू?"

मायक्रॉनबाईने चष्मा काढला. पोरीने आईची चूक पकडली, आणि मग आईसाठी तीच चूक केली, तितक्याच मायेने. तिला रागवावं की जवळ घ्यावं हे तिला कळेना.

"साहेबांना मी सांगितलं, नकळत झालं," ती शेवटी म्हणाली. "तेवीस महिने खरंच नकळत झालं. हा महिना नाही. या महिन्यात मला कळत होतं. अकरा दिसायचं, आणि मला घड्याळ दिसायचं. मी पुसायचे, परत ठेवायचे, आणि मला पक्कं ठाऊक असायचं मी काय करतेय ते."

"आई, जाऊ दे ना."

"नाही जाऊ देणार. साहेबांना उद्या सांगते. त्या महिन्यातल्या पिना गोदामात नव्हत्या, बसून गेल्यात. कुठे बसल्यात ते त्यांना शोधू दे. आणि तू हे आत्ता घाल."

"आणि परीक्षकांनी विचारलं तर?"

"तर सांग, त्या महिन्यात मी आजारी होते आणि आईला घरी जायचं होतं. तेवढंच झालंय. तेवढंच सांग."

ती उठली, कपाटावरच्या पिशवीतून सातव्या महिन्याची वही काढली, आणि लेकीच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. लेकीने डोळे पुसले आणि कॉम्प्युटर उघडला. मायक्रॉनबाईने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"तारीख तीन. सकाळी नऊ. सात, नऊ, दहा, दहा, आठ. दहा वाजता. दहा, नऊ, दहा, दहा, दहा." लेकीची बोटं चालायला लागली. "दुपारी तीन. दहा. दहा. दहा. दहा. दहा."

लेक थांबली. "पाचही?"

"पाचही. तू त्या दिवशी भरती झालीस. लिही. दुपारी चार. दहा, दहा, दहा."